प्रस्थानाची जीप

वैशाख शुद्ध दशमी, सोमवारची सकाळ. मेहकर. महायुद्ध संपल्यानंतरचा पहिला उन्हाळा.

हजर: मी. माझे यजमान, ज्यांना मी पुढे ‘हे’च म्हणणार आहे, डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या रस्त्यांवर ओव्हरसियर होते, नुकताच राजीनामा दिलेला. यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, घराचे कर्ते. जाऊबाई. गुरुजी. मोटारीचे मिस्त्री. शेजारच्या बायका, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आणि अंगणात उत्तरेला तोंड करून उभी केलेली जीप. पुढच्या झाकणावर हळदकुंकू, दिव्यांना आंब्याचे डहाळे, चारी चाकांखाली लिंबं.

गैरहजर: मुंबईच्या बोटीच्या एजंटाचं पत्र. ते चैत्रातच यायला हवं होतं.

आम्ही देश सोडून चाललो होतो. आफ्रिकेत दारेसलामच्या आतल्या मुलखात एक कच्छी कंत्राटदार रस्ते बांधत होता. त्याला रस्त्याचं काम कळणारा माणूस हवा होता आणि त्याची अट एकच होती: माणसाने स्वतःची गाडी घेऊन यावं. तिकडे चिखल असा की मागच्या दोन चाकांच्या जोरावर मोटार हलत नाही, आणि चारी चाकांनी ओढणारी गाडी तिथे मिळत नाही. यांनी लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून ही जीप आणली. वापरलेली, स्टिअरिंग डाव्या अंगाला, कापडी टप दोन ठिकाणी फाटलेलं. मिस्त्रींनी इंजिन उघडून पाहिलं, हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "दिल साफ है."

जीप बोटीवर चढली तर नोकरी, आणि नोकरी असेल तर आम्ही जाणार. हे इतकं सरळ होतं. राजीनामा मंजूर झाला होता. वाट्याची जमीन यांनी भासऱ्यांच्या स्वाधीन केली होती. एकुलती मुलगी लोणारला दिलेली, ती आपल्या घरी बरी होती. मागे ओढणारं कोणी नव्हतं आणि मला जायचं होतं. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी सगळी कामं नीट केली होती, आणि एकदा स्वतःच्या घरातली कामं नीट करून पाहायची होती.

गुरुजींनी पंचांग पाहून सांगितलं, दशमी उत्तम. पुढे शुक्राचा अस्त, त्यामागून चातुर्मास. दूरच्या प्रवासाला दिवाळी होईपर्यंत मुहूर्त नाही. बोट कधी ते ठाऊक नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे जे करतात तेच करायचं ठरलं. प्रस्थान ठेवायचं.

ज्याला मुहूर्तावर निघणं जमत नाही, तो आपली एखादी वस्तू मुहूर्तावर पुढे पाठवतो. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ फडक्यात बांधून वाटेवरच्या कोणाकडे नेऊन ठेवायचे. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग तो सवडीने मागून जातो आणि ती वस्तू उचलून पुढे चालू लागतो. आमच्या घरच्या रीतीत नियम दोन. ठेवलेली वस्तू परत गावाच्या शिवेच्या आत यायची नाही; आली तर प्रस्थान मोडलं, नवा मुहूर्त पाहायचा. आणि ज्याचं प्रस्थान ठेवलं तो घरात असला तरी घरचा नाही, पाहुणा. कोर्टाच्या तारखेला जाणारे, परीक्षेला जाणारे सगळे असेच निघत. आज ठेवलं, उद्या गेले. कोणाचं राहून गेलं नव्हतं, म्हणून राहिलं तर काय होतं हे कोणाला माहीत नव्हतं.

यांनीच सुचवलं. "सुपारी कशाला? जायचं आहे ते गाडीला. गाडीच ठेवू."

गुरुजींनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "वाहन चालते. राजेलोक रथ ठेवत."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. यांची बहीण, माझी नणंद, जानेफळला दिलेली; जानेफळ खामगावच्या वाटेवर; खामगावला रेल्वे. गाडी पावसाआधी सहा कोस पुढे सरकली तर एक खेप वाचत होती, आणि पेट्रोल कुपनावर मिळत होतं. मी सकाळीच कोठीच्या किल्ल्या जाऊबाईंच्या हाती दिल्या. नारळ फुटला, लिंबं चिरडली, शेजारणींनी पदर डोळ्यांना लावले. आम्ही जीप जानेफळला नणंदेच्या गोठ्यात नेऊन उभी केली आणि संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीने परत आलो. ती मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. मेहकरचा चढ मी साडीचा काठ वर धरून चालत आले.

दारात जाऊबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. "पाय धुवा."

"बाई, मी घरचीच आहे."

"व्हती," त्या म्हणाल्या. "आता पाहुणी हाये तू. गूळ-पाणी घे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

एजंटाचं पत्र चार दिवसांनी आलं. बोटी पलटणींना घरी पोचवण्यात गुंतल्या आहेत, गाड्या सध्या घेत नाहीत, नाव यादीत आहे, वाट पाहावी.

त्यानंतरचा उन्हाळा मी माझ्याच घरात पाहुणी म्हणून काढला. हे वाचायला गमतीचं वाटेल. जेवायला मला पहिल्या पंगतीला, बाहेरच्या लोकांबरोबर पाट मांडला जाई. उष्टी काढायला उठले की जाऊबाई हात धरून बसवत. पाहुण्याने चुलीपुढे जायचं नाही, मिठाच्या बरणीला हात लावायचा नाही, घरात नवं काम सुरू करायचं नाही. वैशाखातच आमच्याकडे कुरडयांचा गहू भिजतो. दर वर्षी गव्हाचं आणि पाण्याचं माप माझं असे. त्या वर्षी मी ओसरीवर बाजेवर बसून पाहिलं, चीक पातळ होत होता.

"बाई, पाणी जास्त होतंय."

"पाहुणा असं नाई म्हणत, धाकटे," जाऊबाई चीक घाटत म्हणाल्या. "पाहुणा म्हणते, छान झाल्या."

"अजून झाल्या कुठं आहेत?"

"मंग झाल्या की म्हण."

कुरडया तुटल्या. मी छान झाल्या म्हणाले. जाऊबाई वाईट नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत, त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही. उलट पाहुणीला म्हणून मला रोज भाकरीवर लोणी मिळत होतं. मला ते गिळवत नसे.

कामाची सवय असलेल्या माणसाला रिकामं बसवलं की तो जे हाती लागेल ते करतो. मी ट्रंका उघडून पुन्हा भरल्या. पुन्हा उघडल्या. तिकडे मिळणार नाही म्हणून घेतलेल्या वस्तूंची यादी झाकणाच्या आतून डकवली होती: काळा मसाला, साबणाच्या वड्या, सुया, दोरे, चहा, सुंठ. घरातलं काही मागायची सोय नव्हती. पाहुणीने साबण मागायचा कसा? म्हणून मी ट्रंकेतली वडी काढली. मग चहा काढला. आफ्रिकेत वर्षभर पुरेल असं नेमकं मोजून घेतलेलं सामान मेहकरच्या मागल्या पडवीत संपत चाललं, आणि मी यादीवर एकेक ओळ खोडत होते.

यांची अवस्था वेगळी होती. गावभर माहीत झालं होतं की ओव्हरसियर साहेब आफ्रिकेला गेले. गेलेला माणूस बाजारात दिसला की लोक काय सोडतात?

"काऊन साहेब, अजून इथंच?"

"तुमचं जहाज पैनगंगेतून निंघते वाटते. पाणी यायची वाट पाहून राह्यले."

"आफ्रिकेचे लोक मराठी चांगलं बोलून राह्यले, नाई?"

पहिल्या महिन्यात हे हसून उत्तर देत. नंतर बाजारच्या दिवशी घरीच बसू लागले. रस्त्यावर खडी पडलेली दिसली की पूर्वी थांबून खडा उचलून पाहायचे. आता मान खाली घालून जायचे, कारण ते काम दुसऱ्याचं झालं होतं. मी विचारायची, "पत्र?" हे मान हलवायचे.

मृग लागला तरी बोटीची खबर नव्हती. मिस्त्री म्हणाले, गाडी नुसती उभी ठेवू नका, इंजिन फिरवलं पाहिजे. हे आले नाहीत, म्हणून मीच मिस्त्रींबरोबर सर्व्हिस मोटारीने जानेफळला जाऊन आले. गोठ्यात जीप शोधावी लागली. गोठा गळतो म्हणून नणंदेच्या घरच्यांनी सगळं कुटार, गुरांचा भुसा, तिच्यात भरलं होतं; टपाखाली ते कोरडं राही. वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भारा. मागच्या बाकावर कोंबडी बसली होती, ती आमच्यावर चिडली. पुढची जागा मात्र साफ होती, कारण नणंदेचे सासरे रोज दुपारी तिथे बसून पान लावत आणि गावातले लोक त्यांच्याशी बोलायला गोठ्यात येत. वृद्ध गृहस्थ मला पाहून खाली उतरले, आणि आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो अशा चेहऱ्याने बाजूला उभे राहिले.

"वयनी," नणंद म्हणाली, "तुमची गाडी दूध देत नाई, शेण देत नाई, आन् आमच्या म्हशीची जागा घेऊन बसली."

"महिन्याभरात नेतो हो."

"न्या सावकाश. म्हशीले मी सांगतलं, पाव्हणी हाये म्हणून."

मिस्त्रींनी कुटार बाजूला करून हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. कोंबडी उडाली, म्हैस दावं ओढू लागली आणि सासऱ्यांचा चेहरा खुलला. मी त्या आवाजात थोडा वेळ नुसती उभी राहिले. घरी परतताना चढावर मोटार ढकलायला मी पण हात लावला. मिस्त्री म्हणाले, "बाई, आप बैठो." मी म्हटलं, बसून कंटाळा आला आहे.

पत्र श्रावणात आलं. डेकवर एका गाडीची जागा मिळाली आहे. गाडी पुढच्या आठवड्यात गोदीत पाहिजे, टाकी रिकामी, खालून माती धुतलेली. उशीर झाला तर जागा पुढच्या नावाला जाईल. मी पत्र दोनदा वाचलं आणि लगेच कामाला लागले. रेल्वेच्या सपाट वाघिणीसाठी अर्ज यांनी आधीच लिहून ठेवला होता. ट्रंका तयार होत्या, हलक्या झाल्या होत्या एवढंच.

हे खामगावच्या रस्त्याची खबर घ्यायला गेले ते गुडघ्यांपर्यंत चिखलाचे परत आले. जानेफळच्या पुढच्या नाल्यावरची फरशी, म्हणजे दगडी बुटका पूल, वाहून गेली होती. ती फरशी दुरुस्त करावी असं यांनीच दर वर्षी वर लिहून पाठवलं होतं.

"कधी होईल?"

"मी असतो तर पोळ्याला केली असती," हे पाय धूत म्हणाले. "मी नाही म्हणजे दिवाळी."

दुसरी वाट एकच. मागे वळून मेहकर, मेहकरहून चिखली, बुलढाणा, तिथून घाट उतरून मलकापूरचं स्टेशन. सगळा पक्का रस्ता. पेट्रोल तेवढ्यापुरतं होतं. आणि त्या वाटेवर पहिलं गाव आमचंच होतं. शीव, वेस, आमचं घर, त्यानंतर चिखलीचा रस्ता.

त्या दुपारी ओसरीवर बोलणं झालं. आमच्या घरी भासऱ्यांशी सून सरळ बोलत नाही. ते झोपाळ्यावर बसलेले असायचे, मी दाराआड, आणि जे काही असेल ते मध्ये उभ्या असलेल्या जाऊबाईंना सांगायचं. अंतर तीन हात.

मी म्हटलं, "बाई, त्यांना म्हणावं, गाडी गावातून नुसती जाईल. थांबणार नाही."

जाऊबाई झोपाळ्याकडे वळल्या. "ते म्हणते, थांबनार नाई."

"आयकलं मी," भासरे म्हणाले. "तिले सांग, थांबण्याची गोष्ट नाई. शिवंत आली तं आली. प्रस्थान मोडलं."

"म्हणावं, मोडलं तर मोडलं. आम्ही तसेच निघू."

"ते म्हणते..."

"अवो आयकलं. बिनमुहूर्ताचं समुद्र ओलांडून नेईन म्हणते? माह्या पाठच्या भावाले?" ते जोरात बोलत नव्हते. ते कधीच जोरात बोलत नसत. "मी कुठं नाई म्हणलो? जाय म्हणलो. दिवाळी झाली की चांगला दिवस पाहून जाय. बोटी काय संपून राह्यल्या?"

हे खांबाला टेकून उभे होते. मी यांच्याकडे पाहिलं. माझी अपेक्षा होती की हे बोलतील. हे म्हणाले, "दादा, शिवेबाहेरून एक गाडीवाट आहे. शिवेजवळच्या ओढ्यापासून वावरांच्या कडेने पश्चिमेला निघते आणि चिखलीच्या रस्त्याला गावापलीकडे लागते. तिकडून नेली तर शीव ओलांडायची नाही."

"पाऊसपाण्याची?"

"चारी चाकं ओढतात तिची."

भासऱ्यांनी झोपाळ्याला पायाने झोका दिला. "मंग पाहा."

दुसऱ्या सकाळी आम्ही जानेफळला जीप मोकळी केली. कुटार पोत्यांत भरलं, कोंबडी उचलून नणंदेच्या हाती दिली. सासऱ्यांनी शेवटचं एकदा पुढच्या जागेवर बसून पाहिलं. मिस्त्रींनी तेलपाणी बघितलं. मागे ट्रंका, वळकटी, पेट्रोलचा डबा.

"आता खरंच जाऊन राह्यले का, वयनी?"

"हो."

"मंग रडू का मी?"

"आम्ही मलकापूरला पोचलो की रड."

"तवर मले आठवण राह्यली पायजे," नणंद म्हणाली, आणि तेव्हाच रडू लागली.

मेहकरची शीव दिसायला लागली तसे आम्ही सडक सोडून गाडीवाटेला लागलो. यांनी पायाजवळचा छोटा दांडा मागे ओढला आणि पुढची चाकं लागली. मला ते बसल्याजागी कळलं. गाडीने आपली कंबर कसली असं वाटलं. काळी माती दोन्हीकडून उडत होती, माझ्या पदरावर, यांच्या टोपीवर. बैलगाडी रुतून बसली असती अशा दोन जागा आम्ही बोलत बोलत ओलांडल्या. हे हसत होते. वैशाखापासून मी यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "याच्यासाठी," हे म्हणाले, "याच्यासाठी मागितली कंत्राटदाराने गाडी."

ओढा उतरलो, चढलो. पुढे शिवेचा दगड आला आणि दगडाला लागून आमच्या वाट्याचं वावर. तिथे वाट नव्हती. गाडीवाटेची ती पट्टी भासऱ्यांनी नांगरून घेतली होती आणि तिच्यावर गुडघाभर कपाशी उभी होती. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. वावर मोठं करायची संधी कोण सोडतं, आणि आम्ही तर गेलेलो होतो.

यांनी गाडी पिकाच्या कडेने, दगडाच्या बाहेरच्या बाजूने घेतली. तिथली माती पाणी पिऊन फुगलेली होती. जीप आधी एका अंगाने बसली, मग सगळीच. पुढे घेतली, मागे घेतली. चारी चाकं सारखीच फिरत होती, तिथल्या तिथे. मी खाली उतरले, बांधावरच्या वाळक्या पऱ्हाट्या आणून चाकांखाली घातल्या. त्या गेल्या. पोती घातली. मग वळकटी सोडून आमच्या दोघांची गोधडी घातली, तीही मातीने गिळली. हे इंजिन बंद करून बसून राहिले. पाऊस बारीक, पण थांबत नव्हता.

कोणी जाऊन सांगितलं ठाऊक नाही. भासरे घोंगडी पांघरून आले, मागे सालदार गडी आणि घरचे बैल, दोन जोड्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. आपल्या तुडवलेल्या कपाशीकडे पाहिलंही नाही. काठीने पुढची माती टोचली, मागची टोचली.

"तिकडून नाई निंघत," ते यांना म्हणाले. "बैलायचे पाय टिकत नाई. इकडं धुऱ्यावर मुरूम हाये. इकडून ओढली तं धुऱ्यानं सरळ सडकेवर."

इकडे म्हणजे दगडाच्या आत, वावराच्या बांधावर.

"मले काही नाई. ओढून देतो. पण आत आली तं आली. तुम्ही सांगा."

यांनी टोपीवरचा चिखल झटकला. मी यांच्या तोंडाकडे पाहत होते. माझं गणित सरळ होतं. गाडी इथे राहिली तर दिवाळीपर्यंत इथेच. आत गेली तर पक्क्या सडकेवर, टाकीत पेट्रोल, मलकापूर संध्याकाळपर्यंत. जाऊबाई तिथे नव्हत्या. मध्ये कोणी नव्हतं. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि भासऱ्यांना सरळ म्हटलं, "ओढा."

ते चमकले. मग मान खाली घालून सालदाराला म्हणाले, "लाव बे दोर."

बैलांनी तीन हिसक्यांत गाडी काढली. शिवेचा दगड माझ्या बाजूने मागे गेला. धुऱ्यावर चाकांना मुरूम लागला, हे इंजिन सुरू करून बसले, मी शेजारी, आणि वावर संपून सडक आली. उजवीकडे चिखली. डावीकडे गाव, गावात पहिल्या वळणावर आमचं घर.

"चला," मी म्हटलं.

यांनी स्टिअरिंगवरचे हात उचलून पाहिले. कोपरांपर्यंत चिखल होता. अंगरखा पाठीला चिकटला होता. "जरा हातपाय धुऊन निघू," हे म्हणाले. "असं कसं स्टेशनात जायचं?"

"रस्त्यात कुठंही धुता येतील."

"पाच मिनिटं."

आणि गाडी डावीकडे वळली. मला गाडी चालवता येत नव्हती. ते शिकायला हवं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

जाऊबाई दारात होत्या. त्यांच्या हातात तांब्या नव्हता, भाकरीचा तुकडा आणि पाणी होतं. लांबून आलेल्या घरच्या माणसावरून ओवाळून टाकतात तसं त्यांनी आमच्यावरून ओवाळलं, गाडीवरूनही ओवाळलं आणि तुकडा कुत्र्याला टाकला. "आली वं तू," त्या म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला सरळ चुलीपुढे नेलं आणि पिठाची परात माझ्यासमोर ठेवली.

हे न्हाणीत गेले. गरम पाणी तापलेलंच होतं. बाहेर आले ते धुतलेलं धोतर नेसून आले, भासऱ्यांच्या शेजारी बसून जेवले, आणि जेवताना शेतावर किती पाऊस झाला ते विचारलं. मी वाढत होते. मी म्हटलं, "निघायचं?" हे म्हणाले, "आता संध्याकाळ होते. घाटात अंधार पडेल. सकाळी निघू." सकाळी पाऊस होता. दुपारी गुरुजी आले आणि म्हणाले, मोडलं ते मोडलं, आता उगाच घाई नको. जायचं नाही, असं हे म्हणाले नाहीत. भासरेही म्हणाले नाहीत. मी ज्याच्याशी भांडावं असा त्या घरात एकही माणूस नव्हता. दोन दिवस हे असे गाढ झोपले, जसे उन्हाळाभर झोपले नव्हते. आणि मी यांच्याकडे पाहत बसले तेव्हा मला कळलं की शीव, दगड आणि गुरुजी यांच्यावर मी उगाच राग धरला होता. यांना परत यायचं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. कदाचित बाजारात जाणं बंद केलं तेव्हापासून, कदाचित मुळातच. त्या वाटेवर हसले ते मात्र खरं हसले होते, ते मी पाहिलं आहे.

बोट गेली. कंत्राटदाराचं पत्र पोळ्यानंतर आलं, भाषा सभ्य होती. त्याने या हंगामापुरता दुसरा माणूस घेतला आहे. पुढच्या पावसाळ्याआधी गाडीसह येणार असल्यास बोलू.

आता मार्गशीर्ष चालू आहे. फरशी झाली, खामगावचा रस्ता वाहता झाला. वेचणीचा कापूस जीप घेऊन जाते, भासरे पुढे बसतात, हे चालवतात. रस्त्यांवर यांना पूर्वीची जागा मिळाली नाही, एका ठेकेदाराकडे मुकादमाचं काम मिळालं आहे. बाजारात आता यांना कोणी काही म्हणत नाही. मी पूर्वीसारखी सगळी कामं करते, आणि ती नीट होतात. घरात मला कशाला बंदी नाही. दुपारी कधी ओसरीवरून सडक दिसते, चिखलीकडे जाणारी, तेव्हा मी आत येऊन दुसरं काम काढते. मिस्त्रींना मी एकदा सहज विचारलं, बाईमाणसाला गाडी शिकता येते का. ते म्हणाले, पाय पोचले तर येते. माझे पोचतात, मी बसून पाहिलं आहे.

एजंटाचंही पत्र आलं आहे. आमची पाळी गेली. नाव यादीच्या शेवटी घ्यायचं की काढून टाकायचं ते तारेने कळवावं, उत्तर येईपर्यंत नाव काही दिवस तसंच ठेवू. दिवाळी झाली, आता चांगले मुहूर्त आहेत, गुरुजींनी न विचारता सांगितलं. यांनी पत्र वाचून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "नाव काढून टाका म्हणून तार करून टाक."

मी मजकूर लिहिला. तीनच शब्द लागतात. मंगळवारी यांनी विचारलं, "तार केली?"

"राहिली."

पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कापसाच्या गडबडीत राहिली. यांनी पान हातात घेतलं, चुना लावला, आणि पोस्टाच्या बाजूला जात असूनही, "मी करून येतो" असं काही म्हटलं नाही. त्यानंतर विचारलेलंच नाही.

तार करायची राहिली आहे.